१०० मीटरसाठी पॅराशूट घेऊ, स्लेड घेऊ की पायाला वजनं बांधू?

तुमचा प्रश्न वाचला आणि चहा तसाच ठेवून लिहायला बसलो. पोलीस भरतीची तयारी, १०० मीटर १४ सेकंदांच्या आसपास, खर्चाला ३००० रुपये, इथवर ठीक होतं. पण शेवटी तुम्ही लिहिलंय, "आमचे सर म्हणतात घोट्याला वजनं बांध, काढली की पाय उडतील." हेच वाक्य मी २००६ साली ऐकलंय. सर वेगळे, पंथ एकच.

तेव्हा मी अकरावीला होतो, सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. सरांनी जुन्या जीन्सच्या पिशव्या शिवून घेतल्या, त्यात नदीची वाळू भरली, वर नाडी. "एकेक अर्ध्या किलोची." पहाटे साडेपाचला त्या घोट्याला बांधून मुरमाच्या ग्राउंडवर ३० मीटरच्या दहा रपेटी मारायच्या. सोडल्यावर पाय खरंच हलके वाटायचे. वाटायचे! सरांच्या गळ्यात स्टॉपवॉच लोंबकळत असायचं, पण दोन महिन्यांत आमचा टाइम एकदाही घेतला नाही.

त्याच ग्राउंडवर पंक्चरवाल्याचा पोरगा कमरेला दोरी बांधून मोटारसायकलचा जुना टायर ओढायचा. सर ओरडायचे, "काय रे, शर्यतीचा बैल व्हायचंय का?" आम्ही हसायचो. मी जरा जास्तच मोठ्यानं.

जिल्ह्याच्या स्पर्धेत साठ मीटरपर्यंत मी पुढे होतो. मग मांडीच्या मागे कुणीतरी दगड मारल्यासारखं झालं. मी वळून बघितलंसुद्धा. हॅमस्ट्रिंग गेलं होतं. पहिला नंबर टायरवाल्याचा. मला दोघांनी धरून मंडपात आणलं आणि सर म्हणाले, "तुझी वजनं कमी पडली."

वजनं कमी पडली! अहो, पाय पुढे फेकला गेला की जमिनीला टेकायच्या आधी त्याला ब्रेक लावायचं काम मांडीच्या मागच्या स्नायूचं. वजन जितकं खुब्यापासून लांब, तितका हा ब्रेक अवघड, आणि तेही सरळ पटीत नाही, अंतराच्या वर्गात. अर्धा किलो कमरेला बांधलं तर कळतही नाही, घोट्याला बांधलं तर पळण्याची ढबच बदलते. पाय सावकाश फिरवायची सवय लागते. वेग वाढवायला निघालेल्या माणसानं ती सवय पैसे देऊन का लावून घ्यायची?

आता तुमचं सामान. कमरेला बांधून मागे फुगणारं पॅराशूट व्हिडिओत छान दिसतं. पण हवेचा अडसर वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे निम्म्या वेगाला ओढ पाव. सुरुवातीला, जिथे तुमच्यासारख्याचा सगळ्यात जास्त टाइम जातो, तिथे ते नुसतं मागे फडफडतं. वर वारा आडवा आला की कंबर एका बाजूला खेचतं. रबरी बँड धरायला जोडीदार लागतो आणि ताणेल तशी ओढ वाढत जाते. पहिल्या चार-पाच पावलांपुरता ठीक. स्वस्तातला तर घेऊच नका, तुटला की डोळ्यावर बसतो.

स्लेड, म्हणजे वजन ठेवून मागे ओढायची घसरगाडी, चांगला, पण तुमच्या बजेटमध्ये टायर हाच स्लेड. पंक्चरवाल्याकडे मागा, फुकट देतो. रुंद पट्टा कमरेला, दोरी चार-पाच मीटर ठेवा. आखूड असली तर ओढ वरच्या दिशेनं लागते आणि टायर उड्या मारतो. वजन किलोत मोजत बसू नका, मुरूम, गवत आणि सिंथेटिक ट्रॅकवर तोच टायर वेगळा ओढतो. टाइम घ्या. रिकामे २० मीटर ३.४ सेकंदांत जात असतील तर टायरसकट ३.७ पर्यंत चालेल. त्याहून हळू झालात तर टायर हलका घ्या. पहिल्या दहा मीटरच्या जोरासाठी मुद्दाम जड ओढतात, पण ते नंतर. आठवड्यातून दोनदा, चार-पाच रपेटी, मध्ये दोन-तीन मिनिटं पूर्ण दम खाऊन, आणि शेवटी दोन रिकाम्या. भरतीच्या आधीच्या आठवड्यात टायरला हात लावायचा नाही.

एक कबूल करतो. त्या दिवशी मी एसटीत दीड तास उभा राहून आलो होतो आणि वॉर्मअप म्हणून दोन उड्या मारल्या होत्या. हॅमस्ट्रिंग नुसत्या वाळूनं गेलं असं छातीठोक नाही सांगत. तो पोरगा कदाचित टायरशिवायही माझ्यापुढेच असता. तुमची मांडी आधीच दुखत असेल तर टायरही नको, आधी फिजिओला दाखवा.

पण त्या पिशव्या आईनं ठेवल्या होत्या. मागच्या दिवाळीला माळा साफ करताना सापडल्या. कोपऱ्यावरच्या वाण्याच्या काट्यावर नेऊन ठेवल्या. एक ९४० ग्रॅम, दुसरी किलोच्या वर. फोटो काढून सरांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर अजून नाही.