वाचकांचे प्रश्न : अणुयुगातील दिवे आणि धातूची शिल्पे

1950 आणि 1960 च्या दशकांतील धातूची शिल्पे व त्या काळचे दिवे जमवणाऱ्या वाचकांची पत्रे अलीकडे वाढली आहेत. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : आम्ही शिकागोजवळ राहतो. ओळखीतल्या एका वृद्ध दांपत्याच्या घरातील सामान विक्रीला निघाले, तेव्हा उडत्या पक्ष्यांच्या थव्याचे एक मोठे भित्तिशिल्प आम्ही घेतले. कोपऱ्यात ‘सी. जेरे’ अशी सही आणि 1969 हे साल आहे. हा शिल्पकार कोण? त्याचे चरित्र कुठेही सापडत नाही.

उत्तर : चरित्र सापडणार नाही, कारण सी. जेरे नावाचा माणूस कधी नव्हताच. कर्टिस फ्रायलर आणि जेरी फेल्स या दोन भागीदारांच्या पहिल्या नावांपासून ‘कर्टिस जेरे’ हे नाव तयार केले गेले आणि 1963 मध्ये त्यांनी सुरू केलेल्या आर्टिझन हाउस या संस्थेच्या मालावर ते सहीसारखे येऊ लागले. त्याआधी हेच दोघे कॅलिफोर्नियात तांब्याचे आणि मिनाकारीचे दागिने मोठ्या प्रमाणावर बनवून विकत असत. पत्रा कापणे, वाकवणे, झाळणे आणि ज्योतीच्या आचेने त्यावर रंग चढवणे हे दागिन्यांचे तंत्र त्यांनी भिंतीच्या मापात नेले, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही. आपल्या पक्ष्यांच्या पंखांवर जांभळट-तपकिरी छटा असतील, तर तो रंग बहुधा लावलेला नसून तापलेल्या धातूवर आलेला आहे.

हे कळल्यावर काही संग्राहकांचा विरस होतो. मला त्यात विरस होण्यासारखे काही दिसत नाही. ज्यांना नामांकित शिल्पकाराचे काम परवडणार नव्हते, अशा मध्यमवर्गीय घरांसाठी ही शिल्पे कार्यशाळेत अनेक कामगारांच्या हातांनी तयार होत होती, आणि तो हेतू कोणी लपवलाही नव्हता. मात्र किंमत ठरवताना ही गोष्ट विसरून चालणार नाही. एकाच नमुन्याच्या अनेक प्रती निघालेल्या असतात, त्यामुळे विक्रेता ‘एकमेव’ हा शब्द वापरू लागला, की त्याच्या इतर विधानांकडेही बारकाईने पाहावे. दोघा संस्थापकांनी 1972 मध्ये संस्था विकली, पण नाव पुढेही चालू राहिले. म्हणून सहीइतकेच, किंबहुना सहीपेक्षा अधिक, महत्त्व सालाला आणि बांधणीला आहे.

शिल्प भिंतीवरून उतरवून त्याची मागची बाजू पाहावी. सांधे पितळी झाळकामाचे आहेत की नुसते डिंकासारख्या पदार्थाने चिकटवलेले आहेत, टांगण्याच्या कड्या मूळच्या आहेत की नंतर बसवलेल्या आहेत, आणि लाखेचा पातळ थर सहीच्या रेषांवरूनही सलग गेला आहे की नाही, हे भिंगाखाली दिसते. सहीच्या चरीत धातू ताजा चमकत असेल आणि आजूबाजूचा पृष्ठभाग मात्र मंदावलेला असेल, तर ती सही अलीकडे कोरलेली असण्याची दाट शक्यता आहे.

पुढे कधी हे शिल्प भारतात आणायचे झाल्यास आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सीमाशुल्काच्या वर्गीकरणात मूळ शिल्पाकृतींचे शीर्षक 9703 असले, तरी कलावंताने आराखडा केलेल्या परंतु व्यापारी स्वरूपाच्या कारागिरीला ते लागू होत नाही, असे त्याच प्रकरणाच्या टिपेत स्पष्ट म्हटले आहे. अशा वस्तू साधारणपणे सामान्य, म्हणजे मौल्यवान नसलेल्या, धातूंच्या शोभेच्या वस्तूंत, म्हणजे 8306 मध्ये मोडतात. कागदपत्रांत ‘मूळ शिल्प’ असे लिहून घेण्याचा मोह टाळलेला बरा.

प्रश्न : पुण्यातील आमच्या नव्या घरासाठी मला ‘स्पुटनिक’ झुंबर घ्यायचे आहे. एक विक्रेता 1957 सालचे अस्सल इटालियन झुंबर असल्याचे सांगतो, पण त्यावर कोणतेही नाव नाही. खात्री कशी करावी?

उत्तर : 1957 हे साल विक्रेत्यांना फार आवडते, कारण त्या वर्षी 4 ऑक्टोबरला सोव्हिएत संघाने स्पुटनिक उपग्रह सोडला. परंतु मधल्या गोळ्यातून सर्व दिशांना दांड्या फुटाव्यात आणि प्रत्येक दांडीच्या टोकाला दिवा असावा, ही कल्पना उपग्रहाहून जुनी आहे. विमानविद्येचे शिक्षण अर्धवट सोडून दिव्यांकडे वळलेले गीनो सार्फाती यांनी 1939 मध्ये मिलानमध्ये आर्तेलुचे ही संस्था काढली, आणि आतषबाजीसारखे फुटणारे त्यांचे झुंबर त्याच वर्षाचे मानले जाते. उपग्रहानंतर या आकाराला आयते नाव मिळाले आणि इटलीपासून अमेरिकेपर्यंतच्या लहानमोठ्या कारखान्यांनी तो उचलला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराची 1966 मधील स्फटिकाची झुंबरेही याच नावाने ओळखली जातात. ती ऑस्ट्रियाने भेट दिली आणि व्हिएन्नाच्या लोबमायर घराण्यातील हान्स हाराल्ड राथ यांनी रचली. पहिला नमुना त्यांनी बटाट्यात दातकोरण्या खुपसून केला, असे सांगतात.

सांगण्याचा मुद्दा असा, की नाव नसलेल्या झुंबराचा कर्ता शोधणे बहुधा व्यर्थ असते, पण त्याचा देश आणि काळ यांचा अंदाज मात्र बांधता येतो. दांड्या गोळ्यात ज्या आट्यांनी बसतात, त्या आट्या (स्क्रूच्या चरी) मोजून घ्याव्यात. युरोपीय दिव्यांत दहा मिलिमीटर व्यासाच्या आणि एक मिलिमीटर अंतराच्या आट्या सर्वत्र आढळतात, तर अमेरिकी दिव्यांत अष्टमांश इंची पाइपाच्या आट्या असतात. लहान बल्बांचे होल्डर युरोपात चौदा मिलिमीटरचे आणि अमेरिकेत बारा मिलिमीटरचे असतात. ‘इटालियन’ झुंबराला अष्टमांश इंची आट्या आणि बारा मिलिमीटरचे होल्डर निघाले, तर ते अमेरिकेत बनलेले किंवा अमेरिकी बाजारासाठी बनवलेले समजावे. लोहचुंबक फिरवल्यास पितळ आणि पितळेचा मुलामा दिलेले पोलाद यांतला फरक कळतो. मात्र त्या काळच्या चांगल्या दिव्यांतही पोलादी भाग असत, म्हणून चुंबक चिकटला एवढ्यावरून झुंबर नकली ठरवू नये.

चोवीस दांड्यांच्या झुंबरात पंचवीस वॅटचे जुने बल्ब लावल्यास सहाशे वॅटची उष्णता दिवाणखान्यात ओतली जाईल. दोन वॅटचे एलईडी लावल्यास हेच काम अठ्ठेचाळीस वॅटमध्ये होते, आणि जुन्या तारांवरचा भारही उतरतो. नाव नसलेल्या झुंबराला त्याच्या घडणीची किंमत द्यावी, दंतकथेची देऊ नये.

प्रश्न : आम्ही रत्नागिरीत समुद्राजवळ राहतो. मुलाने अमेरिकेतून 1950 च्या सुमाराचा पितळी दांड्याचा एक उभा दिवा आणि बारा रंगीत गोळ्यांचे भिंतीवरचे विजेचे घड्याळ आणले आहे. ते येथे वापरता येतील का? पितळेवर हिरवे डाग पडू लागले आहेत.

उत्तर : दिव्याचे उत्तर सोपे आहे. अमेरिकेत घरगुती वीज 120 व्होल्टची असली, तरी तेथील आट्यांच्या होल्डरवर बहुधा 660 वॅट आणि 250 व्होल्ट असे छापलेले असते, म्हणजे होल्डर आपल्या 230 व्होल्टला पुरेसा असतो. खरा धोका तारेचा आहे. साठ-सत्तर वर्षांत तिच्यावरचे रबर ठिसूळ होते आणि दांड्याच्या आत, जिथे आपले लक्ष जात नाही, तिथे ते तुटून तांबे उघडे पडते. म्हणून दिवा एकदाही लावून न पाहता आधी जाणकार इलेक्ट्रिशियनकडून संपूर्ण तार बदलून घ्यावी, धातूच्या दांड्याला अर्थिंगची तिसरी तार जोडावी आणि तीन पिनांचा प्लग बसवावा. फेजची तार होल्डरच्या तळाच्या टोकाला आणि न्यूट्रल आट्यांच्या भागाला जोडली जावी, असे त्याला आवर्जून सांगावे. आपल्याकडे पिनांच्या होल्डरची सवय असल्याने इकडे सहज दुर्लक्ष होते, आणि जोडणी उलटी झाली तर बल्ब बदलताना हाताला झटका बसू शकतो. शेडच्या आत पांढरट तंतूंचे कापड किंवा जाड कागदासारखा थर असेल, तर तो ॲस्बेस्टॉस असू शकतो. तो ओढू, खरवडू किंवा झाडू नये. जुनी तार जपून ठेवायची असल्यास पिशवीत घालून तिच्यावर नोंद लिहून ठेवावी.

घड्याळाची गोष्ट वेगळी. वर्णनावरून ते अमेरिकी डिझायनर जॉर्ज नेल्सन यांच्या कार्यालयात आयर्व्हिंग हार्पर यांनी आखलेले आणि मिशिगनच्या हॉवर्ड मिलर संस्थेने बनवलेले बॉल क्लॉक किंवा त्याची नक्कल असावी. अशा जुन्या घड्याळांची मोटार विजेच्या लहरींच्या गतीवर चालते. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरवता येते, पण अमेरिकेतील सेकंदाला साठ लहरींच्या जागी आपल्याकडे पन्नासच मिळतात, त्यामुळे घड्याळ दर तासाला दहा मिनिटे मागे पडते. उपाय एकच आहे. मूळ यंत्र जपून काढून ठेवावे आणि मागे बॅटरीवर चालणारे यंत्र बसवावे. पुढे कधी घड्याळ विकायचे झाल्यास मूळ यंत्र सोबत असणे फार महत्त्वाचे ठरते.

आता हिरव्या डागांविषयी. तो जंगाल आहे. समुद्राच्या हवेतील क्षार लाखेच्या थरातील बारीक भेगांतून आत शिरले, की तेथे तो धरू लागतो. चिंच, लिंबू-मीठ किंवा भांडी घासण्याची पूड या वस्तूंवर कधीही वापरू नये, कारण त्यांनी लाख निघते आणि देवघरातील समईसारखी लखलखीत पण संग्राहकाच्या दृष्टीने उघडीबोडकी झालेली वस्तू हाती उरते. मऊ सुती कापडाने कोरडे पुसावे. डाग वाढत असल्यास शुद्ध केलेल्या पाण्यात बुडवलेल्या कापसाने पुसून लगेच कोरडे करावे आणि वर मेणाचा अगदी पातळ हात द्यावा.

अमोनिया असलेले काचा पुसण्याचे द्रावण तर त्या खोलीतही वापरू नये, असे मी म्हणेन. अतिशयोक्ती वाटेल, म्हणून कारण सांगतो. थंड स्थितीत दाबून किंवा फिरवून आकार दिलेल्या पितळेत ताण अडकून राहतो, आणि अमोनियाच्या संपर्काने ते उभे तडकते. ब्रिटिश फौजांना हा धडा भारतातच मिळाला. पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेल्या काडतुसांची पितळी कवचे घोड्यांच्या मूत्रातील अमोनियामुळे तडकत असत, आणि त्याचा उलगडा 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला झाला. दिव्याच्या पितळी वाट्या आणि शेडची टोपणे अशाच रीतीने घडवलेली असतात.

प्रश्न : न्यू जर्सीतील एक ओळखीचे गृहस्थ हॅरी बेर्तोया यांचे काड्यांचे नाद करणारे शिल्प विकू इच्छितात. त्यावर सही नाही. घ्यावे का?

उत्तर : सही नाही, हे येथे दोषाचे लक्षण नाही. इटलीत 1915 मध्ये जन्मलेले आणि पेनसिल्व्हेनियात कार्यशाळा थाटलेले बेर्तोया सहसा आपल्या शिल्पांवर सही करत नसत, म्हणून उलट ठसठशीत सही दिसली तर शंका घ्यावी. त्यांचे पुत्र व्हाल यांनीही वडिलांच्या पठडीत नादशिल्पे घडवली आहेत, ही गोष्टही ध्यानात असू द्यावी. अशा वस्तूची मदार कागदावर असते. शिकागोची फेअरवेदर हार्डिन किंवा न्यूयॉर्कची स्टॅम्फ्ली या कलादालनांची पावती, जुने छायाचित्र, पत्रव्यवहार यांपैकी काहीतरी हवेच. बेर्तोया प्रतिष्ठानने त्यांच्या कृतींची सूची तयार केली आहे, तिच्याशी ताडून पाहावे. यांपैकी काहीच नसेल, तर नाद कितीही गोड असला तरी त्या नावाची किंमत देऊ नये.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. या काड्यांत कधी कधी बेरिलियम मिसळलेले तांबे असते. घरात ठेवायला आणि वाजवायला ते निर्धोक आहे, पण घासकागदाने घासल्यास किंवा यंत्रावर धरल्यास उडणारी धूळ फुप्फुसांना कायमची इजा करू शकते. वाकलेली काडी स्थानिक कारागिराकडून ‘साफ’ करून घेऊ नये.

प्रश्न : मुंबईत त्या काळातील भारतीय धातुशिल्पे मिळतात का? ती जवळ ठेवायला पुरातत्त्व खात्याची नोंदणी लागते का?

उत्तर : नोंदणी लागत नाही. 1972 च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरण्यासाठी शिल्प किमान शंभर वर्षांचे असावे लागते. काही दिवंगत चित्रकारांच्या कृती सरकारने कलानिधी म्हणून जाहीर केल्या आहेत आणि त्यांच्या निर्यातीवर बंधन आहे, पण आपण विचारता त्या प्रकारची कार्यशाळेतील धातुशिल्पे त्यात येत नाहीत.

मिळण्याविषयी बोलायचे, तर त्या काळी मुंबईत पिलू पोचखानवाला आणि आदी दावियरवाला यांनी वेल्डिंग केलेल्या आणि ओतीव धातूत मोठे काम केले. ते दालनांत आणि लिलावांत त्याच्या योग्यतेच्या किमतीला मिळते, भंगारात नव्हे. चोर बाजारात जे दिसते, ते बहुतेक जहाजांवरचे दिवे, कचेऱ्यांतील टेबलदिवे आणि अलीकडे बनवून जुने केलेले पितळ असते. त्यांतही चांगली वस्तू सापडते. मात्र दिव्याचा दबलेला पत्रा सरळ करायचा असेल, तर तो पुण्याच्या तांबट आळीत न्यावा. मठारकाम करणारा जुना कारागीर पत्र्याचा ताण ओळखून हातोडी चालवतो, आणि पॉलिश करू नका असे आधीच सांगितले, तर तो करतही नाही.