चेन्नईत पहिलं वर्ष काढणार आहेस, तर…

सगळे सण एकदम पाठ करायला जाऊ नकोस. पोंगलपासून सुरुवात कर. जानेवारीच्या मध्यात सलग चार दिवस जातात. भोगीला पहाटे जुनंपानं जाळतात; धूर सोसत नसेल तर खिडक्या लावून झोप. दुसरा दिवस खरा. अंगणात चूल, भांड्याच्या गळ्याला हळदीचं ओलं रोप पानांसकट बांधलेलं, बाजूला ऊस. दूध उतू जायला लागलं की आपण गॅसकडे धावतो. इथे ते उतू जायलाच हवं, आणि गेलं की सगळे ‘पोंगलो पोंगल’ ओरडतात. मग त्यात नवा तांदूळ, मूगडाळ, गूळ. बोलावणं आलं तर उशिरा पोचू नकोस, नाहीतर नुसता गोडभात खाऊन परत येशील. तिसरा दिवस गुरांचा. चौथ्या दिवशी मरीना बीचवर मरणाची गर्दी, तिकडे फिरकूच नकोस.

पुत्तांडू, म्हणजे त्यांचं नवं वर्ष, 14 एप्रिलच्या सुमारास. आडी या तमिळ महिन्यात (जुलै-ऑगस्टच्या सुमारास) सहसा लग्नं नसतात, पण कापडदुकानांत सेल जोरात; साड्या तेव्हाच घे. नवरात्रात गोलू बघायला घरोघरी जा. विषम संख्येच्या पायऱ्या, त्यांवर बाहुल्या, निघताना हातावर सुंदल, म्हणजे कडधान्याची कोरडी उसळ. बाहुल्यांना हात मात्र लावायचा नाही.

दिव्यांची हौस असेल तर कार्तिगै दीपमला, म्हणजे कार्तिकातल्या दिव्यांच्या सणाला, तिरुवण्णामलै हे देवळाचं गाव गाठ. दिवाळी इथे मुख्यतः नरकचतुर्दशीची: पहाटे तेल लावून अंघोळ, नवे कपडे, फटाके. ऑफिसची सुटी त्याच दिवशी. आपलं लक्ष्मीपूजन काही वर्षी त्याच दिवशी, तर काही वर्षी दुसऱ्या दिवशी येतं; दुसऱ्या दिवशी असेल तर रजेचा अर्ज आधीच टाकून ठेव.