पस्तीसच का आलं?

प्रश्न : माझ्याकडे तिसरीचा वर्ग आहे, पट ३२. संकलित (सत्राच्या शेवटच्या) चाचणीत ५२ − २७ चं उत्तर १४ मुलांनी ३५ लिहिलं. त्यानंतर रोज वीस-वीस उदाहरणं सोडवून घेतली, तरी तेच. सराव पेपर वाढवायचे की वेगळं काही करायचं?
— एक शिक्षिका, जि. प. शाळा, सातारा जिल्हा

उत्तर : सराव पेपर तूर्त थांबवा. उत्तर एकच असलं तरी चूक एकच असेल असं नाही. काहींनी एककात ७ मधून २ वजा केले असतील, कारण ‘मोठ्यातून लहान जातो’ हे डोक्यात पक्कं बसलंय. काहींनी हातचा घेतला, १२ मधून ७ काढून ५ बरोबर लिहिले, पण दशकाच्या ५ चे ४ करायचे राहिले. दोन्ही वाटांनी ३५च येतात! खालचा एकक वरच्यापेक्षा नेमका ५ ने मोठा असला की हे होतं. निदानासाठी असं उदाहरण कुचकामी.

उद्या ५३ − २७ द्या. पहिल्या वाटेने जाणाऱ्याचं उत्तर ३४ येईल, दुसऱ्या वाटेने ३६. बरोबर उत्तर २६. कुणी ८० लिहिलं तर बहुधा चिन्ह न बघता बेरीज केलीय. त्याला वजाबाकी येत नाही असं लगेच धरू नका.

३४ वाल्यांना जोडीजोडीने काड्या द्या : दहा-दहाचे ५ गठ्ठे आणि ३ सुट्या. गठ्ठे मुलांनीच बांधायचे. नऊचा किंवा अकराचा निघाला तर मोजून त्यांनाच दुरुस्त करू द्या. मग म्हणा, “यातल्या २७ मला दे.” दोन गठ्ठे पटकन पुढे येतात आणि हात थांबतो, कारण सुट्या तीनच. इथे बोलायचा मोह आवरा. गठ्ठ्याचं रबर मुलानेच काढायचं. तुम्ही काढलंत, तर गठ्ठा का सोडला हे त्याला कळतच नाही. एका वेळी आठ मुलंच घ्या. बत्तीस जणांत काड्या वाटण्यातच तासिका संपते.

३६ वाल्यांचं काड्यांत सहसा अडत नाही, वहीत अडतं. गठ्ठा सोडला की त्याच क्षणी ५ वर काट मारून ४ लिहायचं. आधी सगळ्या काड्या आणि मग लेखन असं केलं, तर ४ हमखास राहतो. शेवटी ताळा : २६ अधिक २७ म्हणजे ५३ आले का? दिवसाला चार उदाहरणं पुष्कळ झाली. ५० − २७ सारखी शून्याची उदाहरणं हे जमल्यावर घ्या.

गट चालू असताना बाकीच्यांनी ५३ − २७ वर शाब्दिक उदाहरण रचायचं. बहुतेक जण ‘दिले, खाल्ले, हरवले’ असंच लिहितील. मग अट घाला : कुणी कुणाला काही द्यायचं नाही, तरी वजाबाकीच हवी. तुलनेचं उदाहरण सुचायला वेळ लागतो, लागू द्या. ‘जास्त’ दिसलं की बेरीज, ही युक्ती मात्र शिकवू नका. ‘सुमनकडे १८ बोरं आहेत, ती राजूपेक्षा ६ ने जास्त आहेत; राजूकडे किती?’ इथे ही युक्ती मुलाला थेट २४ वर नेऊन सोडते.

प्रश्न : हे सगळं करायचं, पण तपासणीला दाखवायचं काय? कागद तर लागतोच.
— एक मुख्याध्यापक, नांदेड जिल्हा

उत्तर : २०१० पासूनच्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात तिसरी-चौथीला आकारिकचे (वर्गात शिकवता-शिकवता होणाऱ्या मूल्यमापनाचे) ६० आणि संकलितचे ४० गुण आहेत. काड्यांचं काम आकारिकमधल्या प्रात्यक्षिकात बसतं, उदाहरण रचून सांगणं तोंडी कामात. वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या फिरत असतात, त्यांतलं ‘गणित विषयात रुची घेतो’ उतरवून काहीच कळत नाही. तारीख घालून एकच ओळ लिहा : ‘५३ − २७ : काड्यांत दशक स्वतः सुटा केला, वहीत दशक कमी करायला विसरला.’ पुढच्या आठवड्यात त्याच मुलाला ६४ − ३८ द्या आणि त्याच ओळीखाली दुसरी लिहा.