मैदानावरचं इंग्रजी कुठे शिकावं?

प्रश्न : मॅडम, माझं एम.पी.एड. (शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी) मराठीत पेपर लिहून झालं. तालुक्याच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवलं. आता पुण्यात एका खासगी विद्यापीठात लागलोय. वर्गात मणिपूर, केरळ, नेपाळची मुलं आहेत. थिअरी, प्रॅक्टिकल दोन्ही इंग्रजीतून घ्यावं लागतं. विषय येतो, पण वाक्य अडतं. कोणतं ऑनलाइन प्रशिक्षण घेऊ?
— एक वाचक, पंढरपूर

उत्तर : ‘फाडफाड इंग्रजी’चा सरसकट कोर्स आधी लावू नका. त्यात हॉटेलात जेवण मागवायला शिकाल, लांब उडीचा टेक-ऑफ समजावायला नाही.

थिअरीसाठी केंद्र सरकारचं ‘स्वयम्’ हे ऑनलाइन कोर्सचं संकेतस्थळ उघडा. शिकणं मोफत आहे, प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेचं शुल्क भरावं लागतं. व्यायाम शरीरक्रियाशास्त्रासारखा, तुम्हाला पक्का येणारा विषय निवडा. आशय ओळखीचा असला की कान भाषेकडे लागतो. दर पाच मिनिटांनी व्हिडिओ थांबवा आणि ऐकलेलं उभं राहून, मोठ्यानं इंग्रजीत सांगा. ही पायरी गाळू नका, कारण ‘स्वयम्’ची रचना चार भागांची आहे : व्हिडिओ, वाचनसाहित्य, स्वयंचाचणी आणि चर्चा. तुम्ही शिकवताना कसे बोलता, हे त्यात कुणी ऐकत नाही. यूजीसीच्या मालवीय मिशनचे, म्हणजे प्राध्यापकांच्या प्रशिक्षण योजनेचे, ऑनलाइन वर्ग पदोन्नतीला उपयोगी पडतात, ते त्यासाठी जरूर करा.

पैसे भरून काही घ्यायचं असेल तर आधी एकच विचारा : माझा पाठ कोण बघणार? बी.पी.एड.ला आपण पाठ घ्यायचो, मागे निरीक्षक वही घेऊन बसायचे. तसं बघणारं कुणी ऑनलाइन असेल तरच ते प्रशिक्षण. नुसते व्हिडिओ बघून मिळणाऱ्या प्रमाणपत्राला माझ्या लेखी किंमत नाही.

मैदानाचं गणित वेगळं आहे. तिथे वारा असतो, शेजारी क्रिकेट चालू असतं. लांब वाक्य तिसऱ्या रांगेपर्यंतही पोचत नाही. क्रियेचं नाव घ्या, करून दाखवा, मग दोन-तीन शब्दांची सूचना द्या : ‘नीज बेंट’, ‘आइज फॉरवर्ड’, ‘लँड सॉफ्टली’. कवायतीचे हुकूम देणाऱ्या माणसाला हे जड नाही.

सरावाला खो-खो घ्या. आठ जण आळीपाळीनं विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, नववा पाठलाग करतो. त्याला मधली पाटी ओलांडता येत नाही, धरलेली दिशा बदलता येत नाही. खो पाठीमागूनच द्यायचा. कधीच खो-खो न पाहिलेल्या मुलाला हे दहा छोट्या इंग्रजी वाक्यांत सांगायचंय. मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि इंग्रजीच्या सहकाऱ्यापेक्षा मणिपूरच्या एखाद्या विद्यार्थ्याला ऐकवा. तो खेळायला उभा राहू शकला, तर तुमचं इंग्रजी पुरेसं आहे. व्याकरणाची चूक राहिली तरी माझी हरकत नाही.

एका जागी मात्र मी अजिबात सूट देणार नाही : दुखापत. पोरगं घोटा धरून बसलंय आणि सर शब्द शोधताहेत, हे चालायचं नाही. ‘व्हेअर डझ इट हर्ट?’, ‘कॅन यू पुट वेट ऑन इट?’, ‘डोन्ट मूव्ह’, ‘आर यू फीलिंग डिझी?’ एवढं झोपेतही आलं पाहिजे. ‘स्प्रेन’ हाडं जोडणाऱ्या अस्थिबंधाचा, ‘स्ट्रेन’ स्नायूचा किंवा त्याला हाडाशी जोडणाऱ्या कंडरेचा; डॉक्टरांना फोन करताना यात गल्लत नको. ही वाक्यं कुठल्याही कोर्सची वाट न पाहता याच आठवड्यात पाठ करा.