वाचकांचे प्रश्न : माटुंग्यातील शेजार आणि आपली मराठी

प्रश्न : बदलीमुळे आम्ही दोन वर्षांपूर्वी साताऱ्याहून माटुंग्यात राहायला आलो. आमच्या मजल्यावर एक तमिळ, एक कच्छी आणि एक कोकणी बोलणारे सारस्वत कुटुंब आहे. सगळे सज्जन आहेत, पण जिन्यात भेट झाली की बोलणे हिंदीतच होते. माझ्या सासूबाईंना हिंदी येत नाही, त्यामुळे त्या दिवसभर दार लावून बसतात. आपल्याच राज्यात असे परके का वाटावे? आणि ही मंडळी इथे एवढ्या संख्येने आली तरी कशी?
– एक वाचक, माटुंगा

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर बरेचसे त्यातच आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले आणि जुन्या वस्त्यांमधील दाटी सरकारच्या डोळ्यांत आली. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने पुढे दादर, माटुंगा, शीव या भागांत रुंद रस्ते आणि बागांसाठी जागा सोडून इमारतींचे भूखंड आखले. या नव्या वसाहतीत जो राहायला आला, तो बहुधा दुसरीकडूनच आला. रेल्वेत, सरकारी कचेऱ्यांत आणि व्यापारी पेढ्यांत कारकुनी, टंकलेखन किंवा हिशेब करणारी दक्षिणेकडील कुटुंबे इथे स्थिरावली. त्यांच्यातील जाणत्यांनी १९३२ मध्ये साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी काढली. फाइव्ह गार्डन्सच्या बाजूला पारशी कॉलनी उभी राहिली, कच्छी-गुजराती व्यापारी आले आणि मराठी माणसेही आली. तेव्हा आपले शेजारी कदाचित तिसऱ्या-चौथ्या पिढीचे माटुंगेकर असतील, आणि नव्याने आलेले आपण आहात.

अशा घरांमधील बहुतेकांना मराठी समजते. मुले ती शाळेत शिकतात, मोठ्यांच्या कानांवर ती रोज पडते. तरीही समोरचा माणूस दाक्षिणात्य दिसला की आपणच हिंदीत सुरुवात करतो, हे मला मनापासून खटकते. सारस्वत कुटुंबाशी तर हिंदी बोलण्याचे काहीच कारण नाही; त्यांची कोकणी सासूबाईंना चार दिवसांत कळू लागेल.

सासूबाईंना एकदा संध्याकाळी स्टेशनाजवळच्या फुलवाल्यांकडे घेऊन जावे. तिथे मोगऱ्याची गुंफलेली माळ कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत धरून मोजून देतात. तमिळमध्ये त्या मापाला ‘मुळम’ म्हणतात आणि आपल्याकडे त्यालाच ‘हात’ म्हणतात. दोन हात गजरा मागितला तर दुभाष्या लागणार नाही. तमिळ ब्राह्मण घरांतील वयस्कर बाईला तर सगळे ‘मामी’च म्हणतात. सासूबाईंनी शेजारच्या बाईंना खुशाल मामी म्हणून हाक मारावी.

नवरात्रात पुष्कळ तमिळ घरांमध्ये पायऱ्यांवर बाहुल्या मांडून ‘गोलू’ बसवतात आणि आजूबाजूच्या बायकांना बोलावतात. हळद-कुंकू लावून, विड्याची पाने, सुपारी आणि नारळ हातात ठेवतात. खायला देतात ते सुंडल म्हणजे ओले खोबरे घातलेली हरभऱ्याची उसळच. चैत्रगौरीचे हळदीकुंकू ज्यांनी आयुष्यभर केले, त्यांना तिथे काय करायचे हे कोणी सांगावे लागत नाही. माझी आई, बोलणे फारसे न कळताही, दरवर्षी शेजारच्या मामींकडे जात असे आणि तास-दीड तास रमत असे, हे मी लहानपणी पाहिले आहे.

मात्र नवरात्राची वाट पाहत बसू नये. उद्या सकाळी दूधवाला येईल तेव्हा सासूबाईंनी दार उघडे ठेवावे आणि समोरच्या मामी दिसल्या की “चहा झाला का?” एवढेच मराठीत विचारावे. उत्तर मोडक्या मराठीत आले तर ते सुधारायला जाऊ नये. संक्रांत आणि पोंगल बहुधा एकाच दिवशी येतात. तोवर तिळगुळाचा डबा कोणत्या दारी न्यायचा, हे त्यांनी स्वतःच ठरवलेले असेल.