पहिल्या रॉक कॉन्सर्टला निघालास तर
परभणीहून पहिल्यांदाच चाललायस, तर तिकिटाबरोबर परतीचं रिझर्वेशनही करून टाक. मुंबईत कार्यक्रम रात्री दहाला संपला तरी गर्दीतून बाहेर पडायलाच वेळ जातो. त्या रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस धरायचा नाद सोड, दुसऱ्या दिवशीची घे.

कानात फोमचे बोळे घालच. ३० ऑक्टोबर २०११ ला बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर मी मेटालिका हा अमेरिकन रॉक बँड ऐकला, तो स्पीकरला जवळजवळ चिकटून. पुढं दोन दिवस कानात शिट्टी वाजत होती. बोळ्यांनी आवाज थोडा दबका वाटतो, पण गाण्याची मजा जात नाही रे. आवाज नीट ऐकायचा तर साउंड डेस्कपाशी उभा राहा. इंजिनिअर तिथूनच सगळं जुळवत असतो.

तरी दोन गाण्यांपुरता पुढं जाऊन ये. बास ड्रमचा ठोका तळपायातून चढतो आणि बरगडीत बसतो. नाथषष्ठीला पैठणात मृदंग एका तालात लागले की छातीत जे होतं ना, अगदी तेच. बंगळूरला त्या रात्री शेजारच्या अनोळखी पोरानं अर्धी बाटली पाणी माझ्या हातात दिलं आणि आम्ही दोघं घसा बसेस्तोवर गायलो. त्याचं नावही विचारलं नाही, पण चेहरा अजून आठवतो.

मोबाइल तेवढा खिशात ठेव.