पहिला चित्रपट विकायला निघण्यापूर्वी
चित्रीकरणाची घाई करण्याआधी लेखक, संगीतकार आणि कलाकारांशी लेखी करार करून घ्या, कारण ओटीटी किंवा उपग्रह (म्हणजे टीव्ही प्रसारणाचे) हक्क घेणारी कंपनी चित्रपट पसंत पडल्यावर मालकीहक्काची कागदपत्रे मागते आणि एखाद्या दृश्यात रेडिओवर वाजणाऱ्या जुन्या गाण्याची परवानगी नसली, तरी व्यवहार अडून बसतो. ट्रेलर, पोस्टर, सेन्सॉर प्रमाणपत्र, इंग्रजी सबटायटल्स आणि चित्रपटगृहांसाठीची डीसीपी (पडद्यावर दाखवण्याची डिजिटल प्रत) यांचा खर्च सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवा; चित्रीकरण लांबले तरी त्या पैशाला हात लावू नका.

गोव्यात नोव्हेंबरमध्ये इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या जोडीने भरणाऱ्या फिल्म बाजारला (आताचे नाव ‘वेव्हज फिल्म बाजार’) अवश्य जा. एनएफडीसी या सरकारी चित्रपट विकास महामंडळाने २००७ मध्ये सुरू केलेल्या या बाजारात अपूर्ण चित्रपटांसाठीही स्वतंत्र विभाग असतो. तोवर चित्रपट यूट्यूबवर मात्र टाकू नका. अनेक मोठे महोत्सव पहिल्या प्रदर्शनाचा मान स्वतःकडे मागतात.

वितरकाशी बोलताना मी सर्वाधिक आग्रह धरतो तो खेळाच्या वेळेचा. सकाळी साडेनऊच्या खेळाला नोकरदार प्रेक्षक कसा येणार? त्यापेक्षा पुणे, कोल्हापूर अशा दोनच शहरांत संध्याकाळचे मोजके खेळ मागून घ्या आणि पहिल्या आठवड्यात तिथे स्वतः हजर राहा.